वाडीतला पसारा

वसईत फ्लॅट घेऊन अठरा वर्षं झाली तरी मी पश्चिमेकडच्या सांडोर गावाला कधी गेले नव्हते. जायचं कारणच पडलं नव्हतं. आम्ही स्टेशनच्या पूर्वेकडचे, साताऱ्याहून नोकरीसाठी मुंबईला आलेले आणि घर परवडलं म्हणून वसईत उतरलेले लोक. सांडोर आमच्याकडे टोपलीतून यायचं. पश्चिमेच्या बाजारात एक मावशी बसायच्या, साठीच्या आसपासच्या, डोक्यात न चुकता अबोलीचा गजरा. त्यांच्याकडे दुधी, अळू, केळफूल आणि वाडीतली केळी असत. दिवाळी सरली की टोपलीच्या कोपऱ्यात सुकेळीही दिसायची. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची, ती सुकेळी. मधासारखा रंग, आणि चव अशी की माझे सासरे शेवटच्या आजारात भात नको म्हणायचे आणि सुकेळी मागायचे. राजेळी आता फारशी कुणी लावत नाही. मावशींच्या वाडीत तिची एकच रांग होती, चौदा केळींची, त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेली. हे त्यांनीच मला घासाघीस करताना ऐकवलं होतं.

त्या मे महिन्यात वादळ आलं. किनाऱ्यापासून लांबून गेलं म्हणतात. लांबून गेलेल्याची ही तऱ्हा, तर जवळून जाणाऱ्याची काय असेल कोण जाणे. आमच्या इमारतीत दोन दिवस वीज नव्हती, गच्चीवरचे पत्रे शेजारच्या पार्किंगमध्ये जाऊन बसले, आणि आपण फार सोसलं अशी आमची समजूत झाली. बाजार पुन्हा भरला तेव्हा मावशींची जागा रिकामी होती. आठ दिवस झाले, दहा झाले. शेवटी मीच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की येत्या रविवारी सांडोरला मदत घेऊन जाऊ.

माझी एक भाची पुण्यात लोकांच्या सहली ठरवायचं काम करते. तिला फोनवर सांगितलं तर ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, वादळ झालेल्या ठिकाणी जाताना जबाबदारीनं जायचं असतं. आपलं पाणी आणि डबा आपण न्यायचा, फोटो काढत सुटायचं नाही, तिथल्यांना काय हवं ते आधी विचारायचं आणि विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. मी हसले. वीस मिनिटांच्या रिक्षेला प्रवास कोण म्हणतं, असं तिला विचारलं. तीस वर्षं विमा कचेरीत लोकांच्या नुकसानीचे कागद लावलेल्या बाईला ही काल आलेली पोर शिकवणार, असं मनात आलं ते आलंच.

रविवारी आम्ही सहा जण निघालो. बरोबर जुने कपडे, बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या. बाजारातल्या एका भाजीवालीनं घर सांगितलं होतं. आमच्या दोन रिक्षा आत वळल्या आणि मी बोलायची थांबले. वाडी म्हणजे सावली, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. इथे सगळीकडे आकाशच दिसत होतं. केळींच्या रांगाच्या रांगा एकाच दिशेला आडव्या झाल्या होत्या, नुकत्याच विंचरलेल्या केसांसारख्या. नारळ उभे होते, पण त्यांच्या झावळ्या सगळ्या एका अंगाला पिळून राहिल्या होत्या. जांभळाचं एक झाड मुळांसकट निघून विहिरीच्या कठड्यावर टेकलं होतं आणि त्याच्या मुळांत माझ्या डोक्यापेक्षा उंच मातीचा गोळा होता. एका वाऱ्यात एवढी ताकद असते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर डोळे हलेनात, इतकं ते दृश्य प्रचंड होतं.

मावशी पडवीतून उठून आल्या. आम्हाला बघून ओशाळल्यासारख्या झाल्या, पाहुणे आले आणि घर आवरलेलं नाही अशा. म्हणाल्या, "या ताई. आमच्या वाडीत पयल्यांदाच एवढं ऊन आलंय बघा."

कपडे त्यांनी दोन्ही हातांनी घेतले आणि आत नेऊन ठेवले. त्यांच्या घरात कपाटं भरून कपडे होते, हे मला खिडकीतून दिसलं. नवरा आणि मुलगा दोघंही चांगल्या नोकरीत, घर पक्कं, फक्त पडवीवरची कौलं उडालेली. पाण्याच्या बाटल्या द्यायची तर लाजच वाटली, कारण त्यांनी आम्हा सहाही जणांना पडलेले नारळ सोलून पाणी पाजलं. मदत द्यायला गेलो आणि पाहुणचार घेऊन बसलो. आमच्यातले एक गृहस्थ मोबाइल काढून "आजोबा, जरा इकडे बघा" म्हणाले. मावशींचे सासरे, पंच्याऐंशीचे, पडवीच्या कडेला बसून कोयत्याला धार लावत होते. त्यांनी फक्त पाठ फिरवली आणि धार लावणं चालू ठेवलं.

पुढे पानवेलींचा तुकडा होता, म्हणजे होता म्हणायचा. मांडव कोसळून सगळं जमीनदोस्त झालं होतं. मी पाय पुढे टाकला तर मावशी हळूच म्हणाल्या, "चपला काढा ताई. पानवेलीत चपला घालून जात नाय." तिथे एक वेल उभी नव्हती. तरी त्या स्वतः अनवाणी होत्या आणि आम्हीही झालो. आमच्या एका शेजारणीला हसू आलं. मला आलं नाही. माती थंड होती, आणि ज्या जागेवर काही उरलं नाही तिचाही मान इतक्या सहज राखणारी माणसं माझ्या घरापासून वीस मिनिटांवर राहत होती, याचंच मला नवल वाटत राहिलं.

निघताना मी विचारलं, "कपडे-बिपडे राहू दे मावशी. पुढच्या रविवारी एकटी येते. काम सांगा."

"या की," त्या म्हणाल्या. "काम रग्गड हाय."

पुढच्या रविवारी मी सातलाच हजर झाले, जुनी सलवार, डोक्याला रुमाल, बरोबर डबा. घरातले सगळे निघायच्या तयारीत होते. तिथली रीत अशी की वादळानंतर कौलं शाकारायची ती सगळ्यांनी मिळून, एकेका घराची पाळी लावून. पाऊस तोंडावर होता आणि त्या दिवशी पलीकडच्या घराची पाळी होती. स्वतःची पडवी उघडी ठेवून ही मंडळी दुसऱ्याच्या छपरावर चढायला चालली होती. आजोबासुद्धा निघाले, फुटकं कौल कुठलं आणि चालण्यासारखं कुठलं हे निवडून द्यायला. मावशी मला म्हणाल्या, "बसा ताई, च्या ठेवलाय. दोन-तीन तासांत येतो, मग काय ते करू."

बसा म्हणाल्या होत्या. पण मला बसता येत असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. लहानपणापासून हेच. आमच्या घरी आईचा नियम होता की आवरल्याशिवाय जेवायचं नाही. कचेरीत माझं टेबल बघायला बाकीचे विभाग यायचे. चहा संपवून मी वाडीकडे बघितलं आणि मला फक्त पसारा दिसला. माणसं वयस्क आहेत, यांच्याच्यानं कधी होणार, आल्यावर सगळं स्वच्छ दिसलं तर किती बरं वाटेल, असं सगळं मनात आलं. पडवीत कोयता होता, कुदळ होती. घराच्या सगळ्यात जवळ जी रांग होती तिथून मी सुरुवात केली.

पडलेले केळीचे खांब पाण्यानं जड असतात. एकेक बुंध्यापासून तोडून ओढत कुंपणापर्यंत न्यायला मला दोन-दोनदा थांबावं लागलं. मग बुंधे. ते वाऱ्यानं अर्धे उपटलेच होते, कुदळीचा नेट दिला की माती सोडून वर येत. त्यांच्या अंगाला भाल्यासारखे टोकदार कोंब होते, मोडके आणि चिखलानं माखलेले. मला ते तणच वाटले. ढीग नीट बसावा म्हणून मी बुंध्यांचे कोयत्यानं चार-चार तुकडे केले. आमच्याकडे जोंधळ्याची धसकटं अशीच काढतात आणि शेत नांगराला मोकळं करतात. साताऱ्याच्या बाईनं वसईच्या वाडीत केळीची धसकटं काढली. नऊ बुंधे निघाले. उरलेले पाच जमिनीत घट्ट होते, ते काही मला हलले नाहीत. मग मी झाडू घेऊन ती जागा झाडली. घामानं निथळत होते आणि मनातून इतकी खूश होते की मावशी येताना दिसल्या तेव्हा मी त्यांना हाक मारली.

त्या आल्या आणि थबकल्या. त्यांच्या मागून आजोबा आले. दोघं आपसात काही बोलले, त्यांच्या घरच्या बोलीत. मला त्यातलं एकच कळलं, राजेळी.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. ते माझ्या हातून खरोखर घडलं होतं. मावशी ढिगाकडे गेल्या, एक तुकडा उचलला, बघितला आणि तसाच खाली ठेवला. मी विचारलं, "मावशी, काय चुकलं?" त्यांनी मान हलवली.

सांगितलं आजोबांनी. आवाज न चढवता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. "केळ एकदाच घड देते बाई, मग जाते. पन तिचा जीव खांबात नसतो, खाली कांद्यात असतो. ती पडली तरी उचलायची नाय. खांबातलं पानी आटेपर्यंत ती पडल्या पडल्या पिलांना पाजते. म्हनून ठेवल्या होत्या तशा."

म्हणजे जो मला पसारा दिसत होता तो त्यांनी मुद्दाम राखला होता. वाडीतल्या बाकीच्या केळींची रोपं बाहेरून मिळाली असती. राजेळीची मिळणार नव्हती. जी पिलं मी तण म्हणून मोडली तीच पुढची रांग होती, आणि ज्या बुंध्यांचे मी तुकडे केले त्यात तिचा जीव होता. वादळ ज्या चौदा केळींना मुळातून मारू शकलं नव्हतं त्यातल्या नऊ मी एका सकाळीत संपवल्या होत्या.

दुपारभर आम्ही तिघं तो ढीग चिवडत बसलो. कांद्याच्या तुकड्याला डोळा शाबूत असेल तर तो लागतो, असं आजोबा म्हणाले. चार तुकडे मिळाले, ते त्यांनी ओल्या मातीत लावले. मी खांब पुन्हा ओढत आणून उरलेल्या पाच बुंध्यांपाशी, जसे होते तसे, आडवे ठेवले. कुणी मला जा म्हटलं नाही. जा म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी निघायच्या आधी आजोबांनी मला बोलावलं. त्या पाचांतल्या एका बुंध्याचं वरचं फाटकं टोक त्यांनी कोयत्याच्या एका घावात सपाट कापलं. पाटासारखं गुळगुळीत झालं, त्यावर वर्तुळात वर्तुळं. "च्या पिऊन या," ते म्हणाले. मला चहा कसला जातोय. पण गेले, प्यायले, कप विसळून परत आले. त्या सपाट कापाच्या मधोमध एक पांढरट हिरवी गुंडाळी वर आली होती. करंगळीच्या नखाएवढी. अर्ध्या तासापूर्वी ती तिथे नव्हती. मी वाकले आणि तशीच बघत राहिले. ज्याला वादळानं मोडलं, मी खणायला बघितलं, आत्ता कोयत्यानं कापलं, ते झाड आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात पान काढायला लागलं होतं. देवळात मला कधी इतकं गप्प व्हायला झालं नाही. मी हात जोडले आणि मग कुणी बघितलं तर काय म्हणून पटकन खाली घेतले. आजोबा बघतच होते.

"ह्याला जगायचंय," ते म्हणाले. "जगतं की नाय ते पावसानंतर बघू."

त्या रात्री भाचीला फोन करून सगळं सांगितलं. आता ही काय ऐकवेल म्हणून मी तयारीत होते. ती फक्त म्हणाली, "मग पुढच्या रविवारी जाणार ना?"

गेले. पुढच्याही गेले. बरोबर डबा न्यायचा आणि सांगितलेलं काम करायचं, एवढंच ठरवलं. त्यांच्या बावखलात, म्हणजे वाडीच्या गोड्या पाण्याच्या डबक्यात, झावळ्या आणि पाला कुजत होता. तो काढायला मला तीन रविवार लागले. कुठलीही काडी उचलायच्या आधी मी "ही काढू का?" असं विचारायची. इतकं विचारायची की मावशींना हसू यायला लागलं. सोसायटीत आम्हालाही घेऊन चल म्हणणारे बरेच होते. त्यांना मी सांगितलं की मावशी बाजारात यायला लागल्यात, त्यांच्याकडून भाजी घ्या आणि पैसे कमी करायला लावू नका. वाडी बघायला न्यायला माझा जीव झाला नाही.

पाऊस लागला. लावलेले चारही तुकडे पहिल्याच मोठ्या सरींत कुजले. पाच बुंधे उभे होते, पण एक काळा पडायला लागला होता. आषाढभर मी रविवारी वाडीत शिरले की आधी तिकडे जायची आणि कुणाला विचारायची हिंमत न करता परत यायची. श्रावणात एका सकाळी मावशींनी हाताला धरून मला तिकडे नेलं. काळ्या पडलेल्या बुंध्याच्या पलीकडच्या अंगानं, जिथे कुणाची नजर गेली नसती तिथून, मातीला चीर पाडून एक कोंब वर आला होता. पाचही जगल्या. मावशींनी नुसता माझा हात दाबला.

पण झाडं जगली म्हणून वर्ष भरून निघत नाही. दिवाळी सरली आणि मावशींच्या टोपलीचा सुकेळीचा कोपरा रिकामाच राहिला. एका सकाळी मी भाजी घेत असताना त्यांचं जुनं गिऱ्हाईक आलं, दादरहून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई. खास सुकेळीसाठी आल्या होत्या. मावशी त्यांना म्हणाल्या, "यंदा नाय हो. वाऱ्यानं नेली सगळी." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी शेजारी दुधी हातात धरून उभी होते. वाऱ्यानं सगळी नेली नव्हती, हे त्या बाजारात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. त्या मला सांभाळून घेत होत्या, आणि मी मात्र त्यांची माफी एकदाही तोंडानं मागितली नव्हती. रविवारी राबतेय म्हणजे मागितलीच की, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पुढच्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, आजोबांनी मला खड्डे खणायला सांगितले. दोरी लावून, माप घेऊन, जुन्या रांगेच्या जागेवरच. मी खणले. नऊ झाले तेव्हा ते पुरे म्हणाले. पाचही केळींना आता कमरेएवढी पिलं आली होती. आजोबा खाली बसले आणि आईला धक्का न लावता, कांद्यासकट, एक पिलू वेगळं केलं. ते काम त्यांनी इतकं हळू केलं की मी श्वास धरून बघत होते. मग ते पिलू त्यांनी माझ्या हातात दिलं. चांगलंच जड होतं.

मी पहिल्या खड्ड्याशी गुडघे टेकून बसले आणि मला पुढे काही करता येईना. म्हटलं, "आजोबा, ह्या नऊ माझ्यामुळे गेल्या. मी अजून तुम्हाला तोंडानं सांगितलं नाही. चुकलं माझं."

मावशी पलीकडे बादली घेऊन उभ्या होत्या.

"वादळानं अख्खी वाडी पाडली," आजोबा म्हणाले. "तुम्ही नऊ काढल्या. पन वादळ काय परत बघायला आलं नाय."

मला रडू आलं. लाज न वाटता, त्या चिखलात बसून, मोठ्यानं. त्यांनी मला रडू दिलं. मावशी जवळ आल्या, बादली खाली ठेवली आणि माझ्या हाताखाली आपला हात घालून पिलू सरळ धरलं.

"आता माती दाबा," आजोबा म्हणाले. "अजून आठ हायेत."